एकटं राहण्यासाठी दोघांची संमती

माणूस एकटा येतो आणि एकटाच जातो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. मधल्या काळात मात्र त्याला एकटं राहायचं असेल, तर दोघांच्या सह्या लागतात, दोघांचे फोटो लागतात, दोघांची आधार कार्डं लागतात आणि सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा हजर राहून ‘आमचं एकमत आहे’ असं सांगावं लागतं. भाजीत मीठ किती, यावर चौदा वर्षांत ज्यांचं एकमत झालं नाही, त्यांच्याकडून कायद्याची एवढी माफक अपेक्षा असते.

प्रियदर्शनीनं हे पहिल्यांदा ऐकलं ते वकील मोहनरावांच्या तोंडून, अंबाजोगाईच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली. मोहनरावांचं ऑफिस म्हणजे तिथलं एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यातली एक त्यांची, दुसरी जगाची.

“परस्पर संमती म्हणजे सोपं काम, ताई. पहिली तारीख अर्जाची, दुसरी होकाराची. मधी सहा महिने. कोर्टाला वाटतं, तेवढ्यात राग उतरंल.”

“राग नाहीच आमच्यात.”

“मग सहा महिने वाया म्हणायचे.” मोहनरावांनी पेनाचं टोपण काढलं. “फक्त दीड वर्षाच्या आत दोघांनी येऊन हो म्हणलं पायजे. न्हाई तर अर्ज गेला, पुन्हा पहिल्यापासून. आन् अर्जाच्या आधी वर्षभर वेगळं राहत असलं पायजे. ते हाय का?”

“दोन वर्षं झाली.”

“मग काय! अक्षता टाकायच्याच बाकी,” मोहनराव म्हणाले. उपमा चुकली हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी चहा मागवला.

राग नाही, हे खरंच होतं. तिचा नवरा विजयसिंह हा वाईट माणूस नव्हता. तो चिंचवळण गावचा होता आणि गावाचाच होता. सकाळी सहाला ओसरीवर माणसं यायची ती रात्री जेवूनच जायची. चौदा वर्षांत त्या घरात पंधराच्या खाली माणसं कधी नसायची आणि त्यातलं एकही तिच्याशी बोलायचं नाही. “चहा सांगा आत” असं म्हणायचे; ते ‘आत’ म्हणजे ती. मूल झालं नाही. त्याची चर्चा गावभर झाली, तपासणी फक्त तिची झाली. एका सकाळी पंचवीस कप चहा बाहेर पाठवून ती मागच्या दारानं केजच्या एसटीत बसली. ती घरात नाही हे संध्याकाळच्या चहाला कळलं.

आता ती केजला एका खासगी शाळेच्या ऑफिसात कारकून होती. दिवसभर मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहायची. त्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो, त्यात ‘पालकांची विनंती’ एवढं लिहिलं की दहा मिनिटांत मूल मोकळं होतं. लिहिलेला दाखला ती तीनदा वाचायची, मगच शिक्का. हेडमास्तर म्हणायचे, “मॅडम, तुमच्या हातून कागद चुकायचा नाही.” त्यावर ती “हो सर” म्हणायची. दिवसभरातल्या तिच्या बोलण्यात या दोन शब्दांचा वाटा मोठा होता.

तिची भाड्याची खोली वच्छलाबाईंची होती. घरमालकीण असल्या तरी त्यांना वाडा नव्हता, पत्र्याच्या तीन खोल्या होत्या आणि एक शेळी. पहिल्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं, “मालक कवा येणार?”

“येणार नाहीत.”

“बदलीची नोकरी हाय व्हय?”

“हो,” ती म्हणाली. तेव्हापासून विजयसिंह हा त्या गल्लीपुरता बदलीच्या नोकरीतला माणूस झाला.

एकटीचा स्वयंपाक करायला तिला शिकावं लागलं. हाताला सवय पराती भरून कणीक मळायची. पहिले दोन महिने रोज सात-आठ पोळ्या उरायच्या, त्या शेळीला जायच्या. शेळी अंगानं भरली. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवारपर्यंत बोलायला कुणी नसायचं. सोमवारी सकाळी पहिला शब्द घशात अडकायचा. खाकरून, घोटभर पाणी पिऊन तो बाहेर काढावा लागायचा. बंद पडलेल्या मोटारसायकलीला चार किका माराव्यात, तसं ते होतं.

तारखेच्या दिवशी मात्र ती इस्त्रीची साडी नेसायची.

अर्ज दोघांच्या सह्यांनी दाखल झाला; सहा महिन्यांनी होकाराच्या पहिल्या तारखेला मात्र विजयसिंह आला नाही. त्या दिवशी लग्नाची तिथी दाट होती, त्याला सात लग्नांना आशीर्वाद द्यायचे होते. दुसऱ्या तारखेला एका कार्यकर्त्याच्या चुलत्याचा दहावा होता. काकस्पर्शाला पुढारी नसेल तर कावळा शिवत नाही असा त्या भागात समज आहे. दोन्ही वेळा प्रियदर्शनी सकाळच्या बसनं जाऊन पाच वाजेपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसली आणि परतली. मोहनराव म्हणाले, “माणूस न्हाई म्हणत न्हाई ना? मग झालं. पुढची घेऊ.”

पुढच्या तारखेच्या आधी आरक्षणाची सोडत निघाली. चिंचवळणचं सरपंचपद महिलेसाठी सुटलं.

हे तिला वच्छलाबाईंनी सांगितलं. भाजी घेऊन येता येता त्या दारातच ओरडल्या, “अवं बाई! तुमी खांबावर हाव!”

बसस्टँडपासून नांदूरघाटच्या रस्त्यापर्यंत दर तिसऱ्या खांबावर ती होती. ‘भावी सरपंच सौ. प्रियदर्शनीताई विजयसिंह’. विजयसिंहचा फोटो दुप्पट मोठा होता, कारण तो उमेदवार नव्हता. तिचा चेहरा लग्नाच्या अल्बममधून घेतला होता, पाठवणीच्या वेळचा. डोळ्यातलं पाणी संगणकावर पुसून ओठ वरच्या बाजूला वळवले होते. खाली जोडलेले दोन हात होते, हिरव्या बांगड्यांचे. ते हात तिचे नव्हते.

तिनं बराच वेळ स्वतःकडं पाहिलं. बाजूनं जाणाऱ्या कुणी तिला ओळखलं नाही.

रविवारी दुपारी विजयसिंह स्वतः आला. सोबत हनुमान होता, त्याचा उजवा हात, बगलेत फाईल. खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर विजयसिंह बसला. हनुमान उंबऱ्यात उभा राहिला. विजयसिंहनं खोली पाहिली, म्हणजे मान एकदा फिरवली.

“ताट एकच हाय?”

“एकटीच आहे.”

“हां. ते बी खरंय.”

तिनं चहा केला. कप दोन होते, ते पाहुण्यांना गेले. स्वतःचा चहा तिनं वाटीत घेतला.

“जेवलीस का?” विजयसिंहनं विचारलं.

चौदा वर्षांत हा प्रश्न त्यानं गावातल्या प्रत्येक मतदाराला विचारला होता. तिची पाळी आज आली. ती “हो” म्हणाली आणि उगाच स्टोव्ह पुसायला लागली.

“महिला सुटलं,” तो म्हणाला.

“खांबावर वाचलं.”

“तुला इचारायचं राहून गेलं बघ.”

“हात कुणाचे आहेत?”

विजयसिंहनं हनुमानाकडं पाहिलं. हनुमान म्हणाला, “नेटवरले हायत, वहिनीसाहेब. तुमचा हात जोडलेला फोटोच न्हाई घावला घरात.”

“कसा घावेल? हातात कायम ट्रे होता.”

विजयसिंह हसला. खरंच हसला, ती विनोद करू शकते हे त्याला नवीन होतं. मग तो खुर्ची पुढं ओढून म्हणाला, “हे बघ. तुझं नाव अजून आमच्याच गावच्या मतदार यादीत हाय. दुसरी बाई उभी केली तर उद्या ती आपलं ऐकंल न ऐकंल. आईला गुडघ्यानं उठता येत न्हाई. तुझी सही मला पायजे, माझी तुला. तारखेला मी येतो. उभा राहून हो म्हणतो. आईची शपथ.”

“आणि निवडून आले तर?”

“तुला काय करायचं न्हाई. सह्या करायच्या तेवढ्या.”

“गावात फिरावं लागेल?”

“आवो न्हाई वहिनीसाहेब,” हनुमान म्हणाला, “परचार आमी करतो. तुमी हाव की फोटूत.”

हनुमाननं कागद पुढं केले. सही कुठं करायची तिथं पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, अकरा. प्रियदर्शनी पेन घेऊन वाचायला लागली. तेवढ्यात विजयसिंहनं वरचा अर्ज उचलून एकेक रकाना मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “उमेदवाराचे संपूर्ण नाव. प्रियदर्शनी…” तो थांबला. पुन्हा म्हणाला, “प्रियदर्शनी. चांगलं नाव हाय गं.”

त्या घरात ती ‘अगं’ होती, ‘ही’ होती, ‘घरची’ होती, ‘वहिनी’ होती, ‘आत’ होती. तिनं अकरा ठिकाणी सह्या केल्या. एकही कागद वाचला नाही.

कप विसळताना तिच्या लक्षात आलं की तो अठरा मिनिटं बसला होता. एवढा वेळ ते दोघं सलग याआधी सत्यनारायणाला बसले होते.

तारीख आली. दीड वर्ष पुरं व्हायला आठ दिवस उरले होते आणि मतदानाला दहा. मोहनराव पत्र्याखाली वाटच पाहत होते.

“आज झालं तर झालं, ताई. पुढची तारीख आता न्हाई.”

“येतील ते. शपथ घेतलीय. त्यांच्या फॉर्मवर सह्या केल्यात मी.” ती जरा अभिमानानंच म्हणाली. पहिल्यांदाच तिनं स्वतःच्या अकलेनं काही जमवून आणलं होतं.

मोहनरावांनी चष्मा काढला. “कोणता फॉर्म?”

“सरपंचाचा.”

“त्यात शौचालयाचा दाखला होता का?”

“असेल.”

“असंल न्हाई ताई, असतोच. त्याबिगर फॉर्म घेत न्हाईत. त्यात काय लिवलेलं असतं?” आणि त्यांनी ते पाठ म्हणून दाखवलं, तीन निवडणुकांत त्यांनी ते टाईप करून दिलं होतं. “‘मी माझ्या पतीसमवेत वर नमूद घरात कायम वास्तव्यास असून सदर घरातील शौचालयाचा नियमित वापर करते.’ नियमित, ताई! केजहून?”

तिला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं. मग तिनं मोहनरावांकडं पाहिलं. ते हसत नव्हते.

“आपल्या अर्जात काय हाय? दोन वर्षं वेगळे राहतो. हितं काय हाय? कायम वास्तव्य, पतीसमवेत. दोन्हीवर तुमचीच सही.”

“मग आता?”

“आता काय. त्यांना बी होच म्हणायचंय. दोघं हो म्हणले तर तिसरा कागद आणतोय कोण? आपण गप राहायचं.”

विजयसिंह साडेदहाला आला. शपथ त्यानं पाळली होती. पांढरे कपडे, नवी चप्पल, मागं फाईल घेऊन हनुमान. नंबर लागायला तीन वाजले. तोवर दोघं व्हरांड्यात एका बाकावर बसले. येणारा जाणारा विजयसिंहला नमस्कार करायचा, तो प्रत्येकाला “जेवलास का?” विचारायचा. दोनच्या सुमाराला गर्दी ओसरली. बाकावर फक्त ते दोघं उरले.

“तुझं ते गुडघ्याचं कसं हाय?” त्यानं विचारलं.

“गुडघे आईंचे दुखतात.”

“हां हां. आईचे.”

त्यानं समोरच्या भिंतीवरचं मोफत कायदेशीर सल्ल्याचं पत्रक वाचून काढलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिला वाटलं, याला काहीतरी विचारावं. झोप लागते का, ओसरीवर कोण कोण येतं, मागच्या दाराला कडी लावता का. पण आज तासाभरात त्याच्याशी तिचं नातंच उरणार नव्हतं; उगाच ओळख कशाला वाढवायची, म्हणून तीही पत्रक वाचायला लागली.

पुकारा झाला. दोघं आत गेले. तेव्हा शेवटच्या बाकावर आश्रुबा बसलेला विजयसिंहला दिसला. आश्रुबाची सून चिंचवळणमधून प्रियदर्शनीच्या विरोधात उभी होती. त्यानं बसूनच हात जोडले.

“रामराम इजयसिंह. सहज आलतो. आमचं बी एक बांधाचं परकरण हाय हितं.”

त्याच्या सदऱ्याच्या खिशात मोबाईल उभा होता, अर्धा बाहेर.

न्यायाधीशबाईंनी अर्ज चाळला. चेहऱ्यावरून त्यांना घाई होती. अजून नऊ जोडपी बाहेर होती.

“विजयसिंह कोण? तुम्ही. किती दिवसांपासून वेगळे राहता?”

विजयसिंहनं मागं वळून पाहिलं. आश्रुबा पुढं झुकून ऐकत होता, कान जरा मोठे झाल्यासारखे. ‘वेगळे’ म्हणावं, तर चिंचवळणची उमेदवार गावात राहत नाही हे संध्याकाळपर्यंत गावाला स्वतः उमेदवाराच्या नवऱ्याच्या आवाजात ऐकू येणार होतं.

“मी काय विचारलं?”

“वेगळं कुठं, साहेब?” विजयसिंह म्हणाला. “सोबतच राहतो.”

मोहनराव ताडकन उठले. “मॅडम, ते जरा गोंधळलेत—”

“तुम्ही बसा. बाई, तुम्ही सांगा.”

प्रियदर्शनीनं तोंड उघडलं. सोमवारसारखंच झालं, पहिला शब्द अडकला. खाकरून ती शेवटच्या बाकापर्यंत पोचणार नाही अशा आवाजात म्हणाली, “मी केजला राहते. एकटी. साडेतीन वर्षं होतील आता.”

“साहेब, जरा राग आलाय त्यांना,” विजयसिंह हळू आवाजात म्हणाला आणि हात मागं केला. हनुमाननं फाईलीतून बरोबर तोच कागद काढून त्या हातात दिला. पिवळी चिठ्ठी अजून त्याला चिकटलेली होती.

न्यायाधीशबाईंनी कागद वाचला. ‘नियमित’ या शब्दापाशी त्यांची भुवई थोडी हलली असावी.

“सही तुमची आहे?”

सही चांगली आली होती. ठळक, सरळ रेषेत.

“हो.”

“वाचून केली?”

“नाही.”

“नोकरी काय करता?”

“कारकून आहे. दाखले लिहिते.”

न्यायाधीशबाईंनी तिच्याकडं क्षणभर पाहिलं. मग त्या टंकलेखकाकडं वळल्या आणि सांगू लागल्या की पक्षकारांमध्ये वेगळं राहण्याबाबत व संमतीबाबत एकवाक्यता दिसून येत नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येतो. चार मिनिटं लागली. त्यानंतर त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “एकत्र राहत असाल तर चांगलंच आहे.”

बाहेर पहिलं अभिनंदन आश्रुबानं केलं. “जमलं म्हणायचं पुन्हा! बरं झालं बाबा. संसार हाय.” त्यानं खिशातला मोबाईल काढून बंद केला. हाती काहीच लागलं नाही याचं दुःख त्यानं मोठ्या मनानं लपवलं. बांधाचं प्रकरण विसरून तो निघून गेला.

विजयसिंह तिच्याजवळ आला. तो ओशाळला होता. कपाळाचा घाम त्यानं दोनदा पुसला.

“काय करणार, त्यो बसलता ना तिथं. निवडणूक होऊ दे. पुन्हा टाकू अर्ज. मी येतो की.”

“त्याआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं.”

“राहतोयच की आपण.”

तिनं पिशवी उचलली. यावर कायद्याचं उत्तर मोहनरावांनी सांगितलं, विजयसिंहची गाडी गेल्यावर. “त्या दाखल्याच्या तारखेपासून मोजावं लागंल, ताई. वर्ष भरलं की नवा अर्ज. मग सहा महिने. न्हाई तर एकतर्फी भांडायचं. त्याला छळाचं कारण पायजे. मारहाण हाय का काही?”

“नाही.”

“बाहेरचं काही?”

“नाही.”

“दारू?”

“चहा,” ती म्हणाली.

मोहनराव स्टँडपर्यंत तिच्यासोबत चालत आले. पक्षकाराला ते कधी सोडायला येत नसत. तिची पिशवीही त्यांनी धरली. पिशवीत डबा होता, न उघडलेला. बस लागली तेव्हा ते म्हणाले, “माझी चूक झाली. मी आधीच सांगाया पायजे होतं, कशावर सही करू नका म्हणून.”

“तुम्हाला काय माहीत, मी कशानं सही करेन ते,” ती म्हणाली आणि चढली.

केजला उतरेपर्यंत संध्याकाळ झाली होती. वच्छलाबाई शेळीला पाला टाकत होत्या. बातमी तिच्याआधी पोचली होती.

“मालक आलते म्हणं कोर्टात? तुमी दोघं सोबतच राहता म्हणून सांगितलं म्हणं?”

“हो.”

“लई ग्वाड झालं.” वच्छलाबाईंनी पाल्याची काडी हातात तशीच धरली. “मग एकट्याच का आलाव बाई?”

प्रियदर्शनीनं कुलूप काढलं. आत जाऊन तिनं डबा उघडला, सकाळची पोळी-भाजी होती, वास पाहिला, चांगली होती. तिनं ती ताटात घेतली आणि खाल्ली.

सहाव्या दिवशी त्या भागातल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढं ढकलल्याचं पत्रक निघालं. चिंचवळणवर सध्या प्रशासक आहेत. ते गुरुवारी येतात.